ठिपकेमास्तरांची यमुना

माझा मेहुणा सखाराम याने ठिपकेमास्तरांना फसवले. माझ्या नावावर खोटे सांगून त्याने माझ्या बायकोचे चित्र त्यांच्या घरून नेले.

मास्तर गोंदियाच्या शाळेत चित्रकला शिकवत. विडीच्या बंडलावरचे रंगीत लेबल त्यांनी एकदा भिंगाखाली धरले, सगळे ठिपकेच ठिपके दिसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी रंग फासणे सोडले. नुसते ठिपके ठेवत. "रंग मी कालवत नाही, तुमचे डोळे कालवतात," म्हणत. येईल त्याला चित्रापासून मागे चालायला लावत. शाळेतली पोरे त्यांना पाहताच मुद्दाम उलटी चालत.

उन्हे कलली की माझी बायको यमुना चित्रासाठी तळ्याच्या पाळीवर त्यांच्यापुढे बसायची. मी तेंदूपानाचा व्यापारी, भल्याभल्या मुनिमांना रडवलेला. चित्राला नाक लावून म्हणालो, "मास्तर, मधे मधे कोरंच ठेवून राहिले. अन् गालावर हिरवं काऊन?"

"इथं तरी घासाघीस करू नका जी," यमुना हसली.

"मागे सरका," मास्तर एवढेच बोलले.

मी चिंचेपर्यंत सरकत गेलो. हिरवे, केशरी, निळे ठिपके एकमेकांत विरत गेले आणि धान उफणून आल्यावर असायचा तो तांबूस उजेड तोंडावर घेऊन यमुना वर आली. एक चित्रात, एक पाळीवर, एक पाण्यात. खरी कोणती, ते क्षणभर मला सांगता आले नसते.

त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली. फोटो कधी काढलाच नव्हता. पदर रंगवायचा राहिला म्हणून चित्र मास्तरांकडेच होते. पानांच्या हंगामात मी सालेकशाच्या जंगलात असताना सखाराम त्यांच्याकडे गेला. "भाऊजींनी मागवलं," म्हणाला. मास्तरांनी विश्वासाने दिले. त्याने ते पाट्या रंगवणाऱ्याकडून ठिपक्यांवर रंग फासून गुळगुळीत करून घेतले आणि माझ्या घरी आणून टांगले.

मी भडकलो, तर म्हणतो, "माझ्या बहिणीले देवी आल्या नव्हत्या. लोक ठिपक्यांले वण समजून राहिले होते. तोंड साफ केलं, त्यात काय बिघडलं?"

मास्तर पाहायला आले. सवयीने मागे सरकत दाराच्या बाहेर गेले. "आता कितीही लांब गेलं तरी ती येत नाही," म्हणाले. मला दोष दिला नाही, सखारामलाही नाही. त्या उन्हाळ्यात नोकरी सोडून ते आपल्या गावी गेले, पुन्हा भेटले नाहीत.

भिंतीवरची ती गोरी बाई कोण, मला ठाऊक नाही. सखाराम कुडव्याला सुखात आहे. त्याने माझ्या दारात उभे राहून सांगावे: सखाराम, बहीण तुझी होती, कबूल, पण तिचा चेहरा माझ्याजवळ तेवढाच उरला होता, तो कोणाला विचारून पुसलास?