वाट सांगणारी बाई

ती कॅरव्हॅन मला मुळात नकोच होती. थंडी पडली की आखातातल्या ह्या छोट्या देशातले लोक साखिरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात, ते इतकी वर्षं आम्ही गाडीच्या काचेतून बघत होतो, तेवढं मला पुरे होतं. पण नवऱ्याच्या कारखान्यातला एक गोरा साहेब नोकरी सोडून मायदेशी निघाला आणि जाता जाता आपली जुनी कॅरव्हॅन ह्याच्या गळ्यात मारून गेला. चाकांवरची खोली ती. दोन बिछाने, इवलासा ओटा, टपावर एसी. गाडीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. झिंजला आमच्या बिल्डिंगखाली सायकल उभी करायची मारामार, त्यामुळे ती ठेवली लांब, पार शहराबाहेर अस्करला, एका ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या आवारात. म्हणजे सहलीला निघायचं तर आधी वाकडी वाट करून अस्करला जा, हिला जोड, आणि मग वाळवंटाचं बघ. ह्याला सहल म्हणतात?

त्याच थंडीत माझी आई व्हिजिट व्हिसावर आली होती. आई गुहागरकडची. उभा जन्म पायी चाललेली बाई. डोंगर उतरून पलीकडच्या वाडीत बहिणीकडे जाऊन दुपारच्या जेवणाला परत यायची. तिला मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. मी क्लिनिकच्या रिसेप्शनला, नवरा शिफ्टला, आणि आई खिडकीत. पहिले काही दिवस तिचं तोंड बघवत नव्हतं. मग तिने हळूहळू एक वाट बसवली. खाली उतरायचं, कागदी फुलांच्या कुंपणावरून निळ्या फाटकापर्यंत जायचं, तिथून कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. मल्याळी दुकानदाराशी मराठीत घासाघीस करायची, कोथिंबिरीची जुडी घ्यायची आणि परत. रोज. घरात कोथिंबीर सडायला लागली तरी रोज. संध्याकाळी मी आले की कोण भेटलं, कुठली मांजर व्यायली, सगळं सांगायची. त्या एका फेरीवर तिचा दिवस निघायचा. मला धाकधूक असायची, कारण तिचा फोन घरच्या वायफायवर चालायचा, बाहेर पडला की मुका. पण जाऊ नको म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तर कॅरव्हॅन. पहिल्या खेपेला आम्ही फोनवरचा नकाशा लावला. फोनला काय ठाऊक मागे शेपूट आहे ते? त्याने जवळचा रस्ता म्हणून आम्हाला एका गावातल्या गल्लीत घातलं. पुढे वळण असलं की हातगाडी वळवायची तर देवाचं नाव घ्यावं. मागे जायचं तर कॅरव्हॅन भलत्याच बाजूला तोंड करते, आणि नवरा स्टिअरिंगवर घाम पुसतोय. "उजवीकडे घे!" मी ओरडले. "उजवीकडे घेतलं की ती डावीकडे जाते!" तो माझ्यावर ओरडला. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, माणसं घरांतून बाहेर. शेवटी पाचसहा जणांनी कॅरव्हॅन सोडवली आणि यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत हातांनी ढकलत गल्लीबाहेर काढली. तोवर आईला एका घरातल्या बाईने आत नेऊन खजूर आणि कॉफी दिली होती. आमच्यात एकटी तीच खूश. वाळवंट राहिलं बाजूला, आम्ही आल्या पावली परत.

मग सुरू झालं जीपीएस पुराण. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. कामावरून आला की व्हिडिओ. साधं घ्यायचं की कॅरव्हॅनचं, पडदा केवढा, नकाशे फुकट मिळतात की नाही. मी म्हटलं, अरे, हा देश केवढा, तुझा खटाटोप केवढा! आपल्याकडे एवढ्यात एक जिल्हाही संपत नाही. पण नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, कॅरव्हॅनवालाच घ्या, तो अरुंद गल्ल्या आणि बुटके पूल टाळतो. झालं. माझ्या शिवणाच्या टेपने कॅरव्हॅनची लांबी, रुंदी, एसीसकट उंची मोजून झाली, वजन विचारलं ते गोऱ्या साहेबाला मेसेज टाकून मागवलं. माझ्या लग्नात माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती. आवाज हिंदी बाईचा ठेवला, म्हणजे आईलाही कळेल. एवढं एक काम त्याने माझ्या आईचा विचार करून केलं, आणि तेच आम्हाला भोवलं.

दुसऱ्या खेपेला ती बाई सांगेल तसं गेलो. तिने एकाही गल्लीत घातलं नाही हे खरं, पण असा लांबचा फेरा मारवला की मला सगळे पेट्रोल पंप पाठ झाले. डोळ्यांसमोर सरळ रस्ता दिसतोय, आणि ही म्हणते उजवीकडे वळा. "अरे, हा सरळ जातो तिकडे," मी म्हटलं. "तिला माहीत आहे," नवरा म्हणाला. "मला दिसतंय!" "तिला आपल्या मापाचा रस्ता माहीत आहे." डांबरी संपून वाळू लागली तशी ती बिथरलीच. जहाँ संभव हो, यू-टर्न लें. जहाँ संभव हो, यू-टर्न लें. कॅरव्हॅन घेऊन यू-टर्न! माझं डोकं उठलं. मागून आई म्हणाली, "जावईबापू, घरात तुम्ही इतकं कुणाचं ऐकत नाही हो." तेवढंच काय ते त्या दिवशी हसलो.

परत निघताना नवऱ्याने पडद्यावरच्या घराच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे दाबलं की ती आपली घरी नेते, कुठेही असा," त्याने आईला कौतुकाने दाखवलं. आई मागच्या सीटवर झोपली ती आम्ही कॅरव्हॅन ठेवून झिंजला आल्यावर उठली. "आणलंन की गो," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइप टाकायला खणलं. निळ्या फाटकाकडची वाट बंद, वळसा घालून जावं लागे. मी आईला म्हटलं, "काम होईपर्यंत खाली उतरू नकोस हं." ती हो म्हणाली. आई हो म्हणाली म्हणजे ऐकेलच असं नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतंच.

त्या दिवशी मी क्लिनिकमधून आले तर नवरा सकाळची शिफ्ट करून आडवा पडलेला, घोरत होता. आई नाही. "आई कुठाय?" "असतील आत." आत म्हणजे कुठे, बाथरूम आणि स्वयंपाकघर सोडून आहे काय आत! चप्पल नव्हती, पर्स नव्हती. मी धावत कोल्ड स्टोअरला गेले. दुकानदार म्हणाला, "अम्मा आया था, बहुत टाइम हो गया. हाथ में छोटा टीवी था. टीवी बोल रहा था, अम्मा चल रहा था."

जीपीएस! फ्रिजवर चार्जिंगला असायचं ते. वाट बंद म्हणून तिने ते बरोबर घेतलेलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, घराचं चित्र दाबेल आणि येईल मुकाट्याने. मागून नवरा बनियनवरच पळत आला होता. त्याला सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं.

"त्यात घर झिंज नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ते फक्त कॅरव्हॅनसाठी घेतलं ना. मग घर म्हणून मी गॅरेजचं आवार टाकलंय. अस्कर."

मी त्याला तिथे रस्त्यात काय काय बोलले ते लिहीत नाही. माझी आई अस्करला निघाली होती. चालत. आणि त्या डबड्याच्या हिशेबाने ती आई नव्हतीच, एसी लावलेली कॅरव्हॅन जोडलेली गाडी होती. ज्या गल्ल्यांतून माणसं चालतात त्या ते टाळणार, आणि जिथे ट्रक धावतात तिथे तिला नेणार.

आम्ही गाडी काढली. नवरा आठवून आठवून ती बाई जिकडून नेते तिकडून नेत होता. फूटपाथ संपला. मोठा रस्ता लागला, गाड्या सुसाट. मी काच खाली करून नऊवारी दिसतेय का बघत होते. सित्राच्या पुलाच्या अलीकडे, लोखंडी कठड्याला चिकटून, ती उभी होती. एका हातात कोथिंबीर, एका हातात ते यंत्र, छातीशी धरलेलं. चालत नव्हती. नुसती उभी.

मी उतरून तिला गच्च धरलं आणि लगेच ओरडायला लागले. अक्कल आहे का, हा रस्ता काय चालायचा आहे का, एखादी गाडी आली असती म्हणजे! तिने आधी कोथिंबीर सावरली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाय बोलायची बंद झाली. म्हटलं आता बोलेल, मग बोलेल, म्हणून थांबले." बॅटरी संपली होती.

"अगं पण आई, तुला कळलं नाही का, आपण घरापासून लांब चाललोय?"

"कळत होतं गो. सुरवातीला आपली बिल्डिंग दिसत होती पाठीमागे. मी दोनदा वळून बघितली." मग हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाली, "पण ती इतकी ठाम सांगत होती. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

नवऱ्याने त्याच संध्याकाळी यंत्रातलं घर बदलून झिंज केलं, कॅरव्हॅन काढून पायी चालणं टाकलं. आईसमोर बसून दोनदा समजावून सांगितलं. बिचारा अपराध्यासारखा बोलत होता, पण मला त्याची दया येत नव्हती. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि ते पुन्हा फ्रिजवर ठेवलं.

त्यानंतर ती खाली उतरली नाही. आठवड्याने खड्डा बुजला, वाट मोकळी झाली, तरी नाही. मी म्हणायची, "आई, कोथिंबीर संपलीय, आणशील?" ती म्हणायची, "तू येताना आण." संध्याकाळी सांगायला तिच्याकडे काही नसायचं. मांजरीची पिल्लं केवढी झाली असतील म्हटलं, तर म्हणाली, झाली असतील. मला इतका राग यायचा! कुणाचा ते कळत नव्हतं. नवऱ्याचा, त्या दुकानातल्या पोराचा, त्या हिंदी बाईचा, आणि आईचाही. डोंगर उतरणारी बाई ही, दोन गल्ल्यांना घाबरते म्हणजे काय?

तिचं जायचं जवळ आलं तशी मी एका शुक्रवारी हट्टाला पेटले. म्हटलं, चल, आपण दोघी जाऊ, पण वाट तू दाखवायचीस. मी एक शब्द बोलणार नाही. ती तयार झाली. निघालो. कागदी फुलांच्या कुंपणाशी ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी गप्प. ती पुढे गेली. निळ्या फाटकाशी थांबली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. रोजची वाट होती ती, तिने स्वतः बसवलेली. दुकानात मल्याळी "अम्मा, अम्मा" करत बाहेर आला, ती कसनुशी हसली, भाव न करता कोथिंबीर घेतली.

येताना आमच्या वळणावर ती परत थांबली. समोर आमची बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर, दोरीवर, सकाळी तिनेच वाळत घातलेलं तिचं हिरवं लुगडं हलत होतं. ती त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता निघेल. तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाट बघत राहिली. मी ओठ घट्ट मिटले. एक गाडी गेली. दुसरी गेली. ती तशीच उभी, कोथिंबीर छातीशी धरून.

"डावीकडे, आई," मी म्हटलं.

ती डावीकडे वळली.