पंचांसमक्ष स्लोव्हाकिया

आमच्या थोरल्या साडूंनी ज्याच्यावर संशय घेतला नाही, असा माणूस मला अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडलेला नाही. आणि त्यात मी खुद्द त्यांनाही धरतो. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून ते परत येत आणि कुलूप ओढून पाहत, कारण लावणारा कोण, तर आपणच. अंबडच्या कोर्टात ते बेलिफ होते. जागेवर जायचं, दोन पंच बोलवायचे, कच्चा नकाशा काढायचा, पूर्वेला काय, पश्चिमेला काय ते लिहायचं आणि खाली सह्या घ्यायच्या, यात त्यांची हयात गेली. एसटीवर जालन्याची पाटी असली तरी ते कंडक्टरला विचारत, मग कंडक्टर खरं बोलला का ते तीन प्रवाशांना विचारत, आणि तिघांनी एकच उत्तर दिलं की "एवढं एकमत कसं काय?" म्हणून ती गाडी सोडून देत.

माझ्यावरचा त्यांचा संशय मात्र मी स्वतःच्या मेहनतीनं कमावलेला आहे. माझं लग्न जुळत होतं तेव्हा मी नवीन जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत कारकून होतो. एक दिवस काखेत छत्री धरलेले एक गृहस्थ टेबलापाशी आले आणि माझंच नाव घेऊन म्हणाले, "हे कसे आहेत माणूस म्हणून?" मला वाटलं, गणपतीची वर्गणी. मी म्हणालो, "त्याच्या नादी लागू नका. जागेवर कधी सापडत न्हाई, अन् सापडला तर खरं बोलत न्हाई." गृहस्थांनी ते शांतपणे वहीत टिपलं, वही माझ्यापुढे सरकवली, आणि मी सवयीनं झोकात सही ठोकली. माझी स्वतःची. ते गृहस्थ म्हणजे हेच साडू, मुलाची चौकशी करायला आलेले. लग्न झालं ते केवळ अक्कांमुळे, म्हणजे साडूंच्या पत्नी आणि माझ्या थोरल्या मेव्हणीमुळे. "स्वतःबद्दल इतकं खरं बोलणारा नवरा कुठं मिळून राह्यलाय?" असं त्या म्हणाल्या म्हणे.

त्यांची एकुलती एक मुलगी इंजिनिअर होऊन स्लोव्हाकियात नोकरीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. साडूंनी आधी नकाशात तो देश खरंच आहे का ते दोन वेगवेगळ्या पुस्तकांत पाहिलं. गुडघ्यांमुळे अक्कांना प्रवास जमणार नव्हता. त्यांनी नवऱ्याला एकच काम सांगितलं, "फोनवर हसते ती. पण फोनवर कुणीबी हसतं. पोरगी तिथं खरंच सुखी हाय का, एवढं डोळ्यानं पाहून या."

साडूंनी कॅमेरा नेला नाही. "फोटो म्हणलं की माणूस तोंड धुऊन उभं राह्यतं," ते म्हणाले. त्यांनी नेलं एक जाडजूड रजिस्टर, आणि सहा आठवड्यांनी ते चित्रांच्या चौकटी-चौकटींनी भरून आणलं. विमान, बर्फ, धुराड्यावर घरटं केलेला करकोचा, मेंढीच्या चीजमध्ये घोळलेले बटाट्याचे गोळे (शेजारी टीप: ‘मेंढी समक्ष पाहिली नाही’), दारात चपला काढणारे गोरे लोक आणि त्याखाली ‘हे बराबर आहे’ असा शेरा. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन पंचांच्या सह्या, वय आणि गाव. कुणी बसचा ड्रायव्हर, कुणी जावयाची आजी. कागदात काय लिहिलंय हे कुणालाच कळत नव्हतं, पण म्हातारा इतका गंभीर होता, की सगळ्यांनी सह्या दिल्या.

जालन्याच्या स्टँडवर त्यांनी ते रजिस्टर माझ्या हाती दिलं. कंपनीच्या गॅदरिंगमध्ये मी दोन नाटुकली लिहिल्यामुळे फुगे भरायचं, म्हणजे चित्रातल्या माणसांच्या तोंडी शब्द घालायचं काम माझ्याकडे आलं. "चित्रात हाय तेवढंच लिवा," त्यांनी बजावलं.

एका पानावर जावई मुलीच्या अंगावर बादली उपडी करत होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात वेणी घातलेला फोक होता. खाली नोंद: ‘ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने मुलीवर पाणी ओतले व पायांवर फोक मारला. सण आहे असे सांगण्यात आले. कारण विचारता दोघेही हसले.’ मला चेव चढला. जावयाच्या फुग्यात मी लिहिलं, "चहा गार दिलास? मंग तूही गार हो." मुलीच्या फुग्यात, "बाबा, मला जल्दी घरी न्या." आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन रजिस्टर थेट अक्कांना नेऊन दिलं.

अक्का त्या पानाशी थांबल्या. संध्याकाळी त्यांनी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी साडूंचा निरोप आला, "या." मी गेलो तर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या. मी म्हणालो, "अक्का, तो त्यांचा सण हाय. आपल्या धुळवडीसारखा. बायका वर्षभर ठणठणीत राहाव्या म्हणून पाणी ओततात, आन् बायका त्यांना रंगवलेली अंडी देतात, असं मी वाचलंय. बोलणं मी मनानं घातलं."

"पाहुणे, मंग ह्यातलं बाकीचं कुणी मनानं घातलंय?" अक्कांनी विचारलं.

साडू म्हणाले, "साडभाऊ, माझ्या पंचनाम्यात आजवर कुणी शब्द घातला नव्हता." मग खाली पाहत, बायकोला ऐकू जाईल इतक्याच आवाजात, "अन् खरं सांगू का, मलाबी अजून कळलं न्हाई. हसले ते मी पाह्यलं. पण हसण्याला पुरावा काय? आल्यापासून तेच डोक्यात चालू हाय."

मी रबर घेऊन दोन्ही फुगे खोडले आणि पान उलटलं. पुढच्या चौकटीत मुलगी चिंब भिजलेली, ओंजळीतलं पाणी नवऱ्याच्या तोंडावर फेकताना. अक्कांनी चष्मा लावला. रजिस्टर उजेडाकडे धरलं.

"हिचा डावा डोळा असा मिटलेला का काढला?" त्यांनी विचारलं.

साडू गडबडले. "दिसला तसा काढला. पाणी गेलं असंल."

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "मनापासून हसली की हिचा डावा डोळा मिटतो. दुसऱ्यासाठी हसते तवा दोन्ही उघडे राह्यतात." आणि पदरानं चष्मा पुसत त्या चुलीकडे गेल्या.

साडू त्या चित्राकडे पाहत राहिले. सहा आठवडे त्यांनी तो देश चारही बाजूंनी तपासला होता, आणि त्याआधी पोर चोवीस वर्षं त्यांच्याच घरात वावरली होती.

"कधीपासून असं हसते?" त्यांनी आतल्या खोलीच्या दिशेनं विचारलं.

"पाळण्यात होती तवापासून," आतून आवाज आला.

त्यांनी रजिस्टर मांडीवर ओढलं, बोट हळूच त्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवलं, आणि मला म्हणाले, "ह्या चौकटीत काही लिवू नका."