मोटारीचं मागचं दार

ती घटना आठवली की आजही डोळ्यांपुढे आधी तो रस्ता येतो, गुन्हा मागाहून. तेव्हा मी सोलापुरात फौजदार होतो. शहरातल्या एका बड्या व्यापाऱ्यानं ठाण्यात येऊन फिर्याद दिली, की तो मुंबईला गेला असताना ड्रायव्हरनं मोटार पळवली. त्याच सुमारास साताऱ्याकडच्या घाटात मोटारीतून आलेल्या टोळीनं दरोडा घातला होता. तिकडच्या नाक्यावरून खबर आली, की सोलापूरची एक मोटार घाटाकडे जाताना दिसली. झालं! आमच्या साहेबांनी दोहोंची गाठ मारून टाकली. पुढं ड्रायव्हर अक्कलकोट रस्त्यावर मोटारीसकट सापडला.

कोठडीत त्याचं एकच पालुपद. मोटार मीच नेली, एकटाच होतो. कशाला नेलीस म्हटलं की मान खाली. चहा पाजला, दरडावलं, बायकोमुलांची आठवण दिली, गडी ढिम्म. दरोड्यात गोवला गेलास तर सक्तमजुरीत हाडं जातील, हेही समजावलं. “मला ठावं हाय की,” एवढंच म्हणाला. मला त्याचा भयंकर संताप आला. सुटण्यासाठी खोटं बोलणारे रोज भेटत, हा अडकण्यासाठी बोलत होता.

शेवटी त्या दिवशी मोटार कुठून कुठं नेली ती वाट पडताळायची म्हणून त्यालाच चालवायला बसवलं. मी शेजारी, शिपाई मागे.

आम्ही सोलापूरची माणसं, बाभळीची सावली मिळाली तरी धन्य मानणारी. घाटाखाली मोठा रस्ता सोडून मोटार खडीच्या आडवाटेला लागली आणि दोन्ही अंगांनी झाडंच झाडं. जांभूळ, हिरडा, आंबा, मधून कारवीचं रान. चाकांखाली खडी करकरत होती, वळणागणिक नवा डोंगर उभा राहत होता, आणि गारवा असा की टोपी काढून मी मांडीवर घेतली. तपासाला आलोय हे विसरलो, खोटं कशाला बोलू? हा रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

एका झऱ्यापाशी इंजिनात पाणी घालायला त्यानं गाडी थांबवली. शिपाई उजव्या दारानं उतरून झाडामागे गेला. ड्रायव्हर खाली आला, त्यानं डावीकडचं मागचं दार उघडलं, जरा वाकला आणि आधारासाठी मनगट पुढे धरलं. आत कुणीच नव्हतं. भानावर येऊन त्यानं हळूच दार लावलं.

“म्हातारं माणूस होतं ना रे?” मी विचारलं.

त्याचे डोळे भरून आले. “मोठ्या आईसाब हुत्या. कुनाला सांगू नगं म्हनल्या. मी शब्द दिलाय, सायेब.”

व्यापाऱ्याची आई ती. झऱ्यापलीकडच्या वाडीत तिचं माहेर. परकरी वयात लग्न होऊन सोलापूरला आली, ती परत गेलीच नाही. आता तिथं आपलं कोण उरलंय, म्हणून मुलगा तिला न्यायचं टाळत आलेला. तो मुंबईला गेला तेव्हा घरात तिनं सांगितलं, आगगाडीनं दुधनीला लेकीकडे जाते. ड्रायव्हरनं तिला आधी इकडे आणलं, मग अक्कलकोटपलीकडं दुधनीला पोचवलं आणि परतताना तो आमच्या हाती लागला. त्याला पकडल्याचं बाईंना काही ठाऊक नव्हतं.

मी दुधनीला गेलो. बाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. ड्रायव्हर कोठडीत आहे म्हटल्यावर सूप हातातून गळलं. सांडलेली ज्वारी त्यांनी गोळा केली. मग म्हणाल्या, “तुम्ही तिथवर जाऊन आलात? झऱ्याचं पाणी चाखलंत का?”

“चाखलं. पोटभर प्यालो.”

“मग लिहून घ्या. मोटार त्यानं नाही, मी नेली.”

मुलानं फिर्याद मागे घेतली. दरोडेखोर पुढे दुसरेच निघाले. माणूस बोलतो काय याच्यापेक्षा त्याचे हात सवयीनं काय करतात ते बघावं, हे मी या तपासात शिकलो आणि पुढं नोकरीभर ते उपयोगी पडलं.

त्या रस्त्याला मात्र पुन्हा जाणं झालं नाही. बाईंच्या वयाला आता मीही पोचलोय. दुपारी पंख्याखाली पडलो की खडीचा तो आवाज फार आठवतो, जीव कासावीस होतो. उद्या कुणी मोटार घेऊन दाराशी आलं आणि चला म्हणालं, तर मी मुकाट्यानं मागं बसेन. मोटार कुणाची, हे विचारणारसुद्धा नाही.