शेरा कोरा ठेवा

टोल्मन गावात लव्हॉन कुबिचेकच्या खिडकीसमोर कधी उभा राहिला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. टोल्मन राज्य विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयात, दोन नंबरच्या खिडकीमागे, तिने एकतीस वर्षं काढली. प्रवेश, विषयबदल, लग्नानंतरचं नाव, पदवीचा दाखला, सगळं तिच्या हातून जायचं. तारखेनंतर आलेला फॉर्म ती परत सरकवायची, आणि समोरचं माणूस रडायला लागलं की कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवायची. "नीट भरलेला फॉर्म देवसुद्धा परत पाठवत नाही," असं म्हणायची. देवाचं मला ठाऊक नाही. विधिमंडळाच्या बाबतीत बाईचा अंदाज साफ चुकला, आणि तो कसा चुकला हे सांगायलाच हवं, कारण गावात आता ते भलतंच सांगतात.

ती निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. राजधानीतल्या शहाण्यांनी राज्यातली छोटी विद्यापीठं मोजायला घेतली, आणि टोल्मन यादीच्या तळाशी निघालं. गावाला धान्याची कोठारं, दोन चर्च आणि हे विद्यापीठ, याखेरीज दाखवायला काही नाही. पण लव्हॉनचं दुखणं गावापेक्षा जवळचं होतं. तिची मुलगी जनेल छत्तीस वर्षांची. नवरा निघून गेलेला, दोन मुली पदरात, आणि वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची नोकरी. पस्तिशीत तिने हिंमत करून नर्सिंगला नाव घातलं होतं. दोन सत्रं उरली होती. नर्सिंग शिकवणारं दुसरं सरकारी विद्यापीठ गाडीने चार तासांवर. रुग्णाच्या उशाशी उभं राहून शिकायची ती विद्या, ती काही पडद्यावर बघून येत नाही. टोल्मन मिटलं की जनेलचं शिक्षण मिटलं, इतकं ते सरळ होतं.

अशा वेळी सिनेटर ब्रेंट अल्डिंगरने विधेयक क्रमांक २१८ मांडलं. दीडच पान. टोल्मन विद्यापीठ आणखी पाच वर्षं चालू राहील, एवढाच मजकूर. ब्रेंट गावचाच. तो विद्यार्थी असताना एकदा, बीजगणितात आपटणार हे कळल्यावर, विषय सोडायचा फॉर्म घेऊन दोन दिवस उशिरा खिडकीशी आला होता. शिष्यवृत्ती जाणार म्हणून ढसाढसा रडला. लव्हॉनने खोका सरकवला, आणि मग इकडे-तिकडे बघून तारखेचा शिक्का दोन दिवस मागे फिरवला. एकतीस वर्षांतली तिची ती एकुलती एक लबाडी. ब्रेंट ती विसरला नव्हता. दर निवडणुकीत तिचा हात दोन्ही हातांत धरून सांगायचा, "मिसेस कुबिचेक, तुम्ही नसतात तर मी आज कुठे असतो!" यावर ती लाजायची. काय करणार, माणसाला कुठेतरी बरं वाटावं लागतं.

विधेयकाची समितीपुढची सुनावणी मार्चात होती. लव्हॉनने ब्रेंटच्या कार्यालयात फोन लावला आणि तिथल्या पोरीला विचारलं, लोकांनी काय करावं म्हणजे साहेबांपर्यंत पोचेल? पोरगी गोड होती. म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त मोजतो. नाव, पिन कोड, विधेयकाचा क्रमांक, बाजूने की विरोधात. समितीकडे लोक मत-चिठ्ठी भरून पाठवतात, तिचंही तेच. बाकीचं कुणी वाचत नाही हो." लव्हॉनला हे इतकं पटलं की विचारू नका. जगात तिच्यासारखंच कुणीतरी दुसऱ्या खिडकीमागे बसलेलं आहे, हे ऐकून तिला धीर आला.

मग चर्चच्या तळघरात तिची शाळा भरली. दर गुरुवारी कॉफीची मोठी किटली, आलुबुखार आणि खसखस भरलेले गोड पाव, ज्यांना इथे कोलाचे म्हणतात, आणि लांब टेबलांवर मत-चिठ्ठ्या. फोनवर काय बोलायचं त्याची कार्डं ती वाटायची आणि हातात पट्टी घेऊन उभी राहायची.

"फोनवर काय म्हणायचं? नाव, गाव, पिन कोड, दोनशे अठरा, बाजूने. धन्यवाद. फोन ठेवा."

"आणि पोराबाळांचं विचारायचं नाही?" कुणीतरी म्हणालं.

"ती पोरगी काय तुझी मावशी आहे? फोन ठेवायचा!"

हे आमच्या लोकांना अवघड. इथे माणूस दारात अर्धा तास निरोप घेतो, मग गाडीच्या काचेतून घेतो, मग हात हलवत घेतो. पण लव्हॉनने त्यांना वळण लावलं. चिठ्ठीवर तळाशी शेऱ्याची चौकट होती. तिथे तिची पट्टी टेबलावर आपटायची. "इथे एक अक्षर नको. शेरा कोरा ठेवा. रडगाणं लिहिलेला कागद बाजूच्या ट्रेमध्ये जातो आणि तिथेच कुजतो. मी स्वतः ठेवलेत."

ऑर्व्हल स्टूर तेवढा ऐकेना. एक्याऐंशी वर्षांचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, तिसरा कोलाचा हातात.

"पोरी, मी बर्निसचं लिहिणार आहे," तो म्हणाला. बर्निस त्याची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती.

"ऑर्व्हल, तिथे कुणी वाचत नाही."

"तू तरी वाचायचीस ना? बर्निसने प्रवेशाच्या फॉर्मवर तुला केवढं लिहून दिलं होतं."

लव्हॉनने समोरचा गठ्ठा सारखा केला. "नाही वाचायचे."

"एकदाही?"

"रांग असायची रे."

"बरं झालं, तिला नाही कळलं," म्हातारा म्हणाला, आणि पेन घेऊन कोपऱ्यात बसला. लोक हसले. लव्हॉनही हसली, पण पट्टी तिने मग जरा हळूच आपटली.

सहा आठवड्यांत गावाने सहाशे तेरा चिठ्ठ्या भरल्या. पहिली तिने स्वतःची भरली, निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. सगळ्या तिने तपासल्या, पिन कोड चुकलेल्या परत भरून घेतल्या, शेऱ्यात कुणी 'कृपया' लिहिलं असेल तर नवा कागद दिला. ऑर्व्हलच्या चिठ्ठीवर शेरा चौकटीतून निघून समासात चढला होता, आणि 'बाजूने' की 'विरोधात' यातल्या कशावरच खूण नव्हती. त्याने दुसरा कागद घ्यायला नकार दिला, तेव्हा तिने ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी घातली. जनेल आईकडे बघून म्हणाली, "आई, तुला परत नोकरी लागल्यासारखं झालंय." लव्हॉनला ते आवडलं.

सुनावणीच्या सकाळी चर्चच्या दोन गाड्या भरून माणसं राजधानीला गेली, गळ्यात विद्यापीठाचे हिरवे मफलर घालून. जनेलने रजा काढली होती. सभागृहात ब्रेंट उठला, टायवर हात फिरवला आणि म्हणाला की तो आपल्याच विधेयकाला एक दुरुस्ती सुचवतो आहे. लव्हॉनने मान डोलावली. तिला वाटलं, स्वल्पविराम वगैरे असेल.

राज्यात पद्धत अशी, की विधेयकाचा क्रमांक तोच राहतो आणि पोट सगळं काढून नवं भरता येतं. ब्रेंटने तेच केलं. दीड पान गेलं, अकरा पानं आली. टोल्मन विद्यापीठ शहरातल्या मोठ्या विद्यापीठात 'सामावून घेण्यात येईल'. वर्ग पडद्यावर होतील. प्रयोगशाळा लागणारे अभ्यासक्रम, नर्सिंगसह, येत्या जूनपासून बंद. इमारतींची विल्हेवाट राज्य लावेल. हे तो शांत आवाजात वाचत होता, आणि हिरवे मफलर एकमेकांकडे बघत होते.

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "विधेयक २१८. मत-चिठ्ठ्या: बाजूने सहाशे बारा. विरोधात शून्य. मत अस्पष्ट, एक."

लव्हॉन उभी राहिली. तिच्या आयुष्यात ती कधी न विचारता उभी राहिली नव्हती.

"त्या आमच्या चिठ्ठ्या आहेत! त्या याला नाहीत, त्या आधीच्याला आहेत!"

"मॅडम, चिठ्ठ्या विधेयकाच्या क्रमांकावर दाखल होतात."

"पण आतलं बदललंय ना! आम्ही हे कुठे मागितलं?"

"आपण शेऱ्यात तसं नमूद केलंय का?"

शेरे तिनेच कोरे ठेवायला लावले होते.

"मग परत घेऊन बदलू द्या."

"मुदत सुनावणी सुरू होईपर्यंतच होती. कृपया बसा."

हे वाक्य तिने स्वतः किती हजार पोरांना ऐकवलं होतं, त्याची गणती नाही. अध्यक्षबाईंचा आवाजही तसाच होता, वाईट नाही, चांगला नाही, नुसता खिडकीतून येणारा. लव्हॉन बसली. समितीत सात विरुद्ध दोन मतांनी दुरुस्ती आणि विधेयक दोन्ही मंजूर झालं, आणि पुढे विधिमंडळातही ते तसंच पार पडलं.

बाहेरच्या संगमरवरी बोळात ब्रेंटने तिला गाठलं आणि हात पुढे केले, दोन्ही. तिने आपले हात कोटाच्या खिशात घातले.

"मिसेस कुबिचेक, रागावू नका. तुमचं मूळ विधेयक पडणारच होतं. निदान नाव तरी राहील गावात. एवढा पाठिंबा पाहून बाकीचे सदस्यही तयार झाले, खरं सांगतो. एकही विरोध नाही! असं कधी होत नाही."

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

तो टायकडे बघायला लागला. "दोन आठवडे."

"दोन आठवडे आम्ही कोलाचे भाजत होतो आणि तू चिठ्ठ्या मोजत होतास. केसाने गळा कापलास रे."

"मी माझ्या परीने..."

"ब्रेंट, तुझा तो फॉर्म उशिराचा होता," ती म्हणाली. "मी घ्यायला नको होता."

त्याचा चेहरा उतरला, असं जनेल म्हणते. मला नाही वाटत. अशा माणसांचे चेहरे उतरतात आणि जेवणापर्यंत परत चढतात.

गावात बातमी गाड्यांच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात कुणी तिच्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्याकडे तसं करत नाहीत. बाजूच्या टेबलावरून एकजण फक्त म्हणाली, "लव्हॉन, आम्ही तू सांगितलंस तेच केलं हो," आणि तिच्यासाठी साखर पुढे केली. तेव्हापासून गावात हेच चालू आहे, की कुबिचेकबाईने विद्यापीठ बुडवलं. बुडवणारा जुलैत स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मोटारीतून पोरांना लिमलेटच्या गोळ्या फेकतो, आणि पोरं त्या उचलतात.

सगळ्या चिठ्ठ्यांची नोंद असलेला समितीचा कागद टपालाने आला तेव्हा जनेल स्वयंपाकघरात उभी होती, वृद्धाश्रमाच्या गणवेशात. नर्सिंग बंद झाल्याचं विद्यापीठाचं पत्र आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं. लव्हॉनने कागद शेवटाकडून उघडला. शेवटच्या पानावर ऑर्व्हल स्टूर होता, मत अस्पष्ट, आणि त्याचा शेरा जशाचा तसा छापलेला: 'माझी बायको बेचाळिसाव्या वर्षी टोल्मनला शिकायला गेली. पहिल्या दिवशी मी तिला बसने सोडलं, बसमध्ये ती एकटीच होती. नंतर तिने वीस वर्षं दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवलं. हे दार बंद करू नका. तुमच्यापैकी कुणाला हे करायचं असेल तर मी त्याच्या विरोधात आहे, कागदाचा नंबर काहीही असो.'

सहाशे तेरा चिठ्ठ्यांत खरं बोललेली तेवढी एकच. ती लव्हॉनने तळाशी घातली होती. तिने तो शेरा दोनदा वाचला. आयुष्यात प्रथमच कुणाचा तरी शेरा ती पूर्ण वाचत होती.

जनेलने तिच्या हातातून कागद घेतला आणि पहिलं पान उलगडलं. 'नर्सिंग बंद करण्याच्या बाजूने' असं काही तिथे लिहिलेलं नव्हतं. नुसता क्रमांक होता, आणि त्याखाली नावांची रांग.

"आई," तिने विचारलं, "तुझं नाव कितवं?"

"पहिलं," लव्हॉन म्हणाली.

जनेलने कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग गाडीच्या किल्ल्या घेतल्या, आणि आंघोळी घालायला कामावर गेली.