अठ्ठ्याहत्तरचा आकडा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, कंपनीतल्या जोडीदारांजवळ नाही, दोन पेग झाले की माणसाची जीभ सैल होते तेव्हासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल — तर तोंड जरा दुसरीकडे करून ऐका.

आमच्या घरात माझी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. बारसं असो, हळद असो, जेवणं उरकून माणसं ओट्यावर टेकली की माझा मोठा भाऊ, दादा, ती सांगतोच. 'हा आता गरीब गाय दिसतो, पण एकेकाळी कर्जत हायवेला सुसाट सुटायचा. स्पीड गनमध्ये घावला होता.' सगळे हसतात. मीही हसतो. माझी मुलगी तर शाळेत सांगून आली, माझे पप्पा रेसर होते. आता काय बोलणार? गोष्ट खोटी आहे. आणि ती दादाने नाही, मी रचलीय.

म्हणजे स्पीड गनचं तेवढं खरं. तेव्हाही मी अंबरनाथला, आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होतो. आम्ही चामटोलीचे, बदलापूरच्या पुढचे. बाइक दादाच्या नावावर, पण चालवायचो मी. दादा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर, त्याला ती लागायची नाही. प्रज्ञा आमच्याच कंपनीत लॅबला होती. राहायला बदलापूर. तिच्या घरी बुद्धवंदना, आमच्या घरी देवीचा टाक — एवढ्यावरून काय काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. तसं आमच्या घरात कुणी काही बोललं नव्हतं. बोलायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

सुटी झाली की ती गेटपासून पुढे, चहाच्या टपरीपलीकडे चालत जायची, तोंडाला स्कार्फ गुंडाळायची, आणि तिथून मी तिला गाडीवर घ्यायचो. आनंदनगर ते बदलापूर — केवढासा रस्ता तो. दिवसभरात आमचा म्हणून तेवढाच. म्हणून मी हळू चालवायचो. किती हळू? रिक्षावाले हॉर्न मारत, शिव्या घालत पुढे जायचे. प्रज्ञा मागून बोलत असायची — लॅबमधल्या बाईंचं, घरातल्या मांजरीचं, कशाचंही. वाऱ्याने शब्द उडू नयेत म्हणून मी आणखी हळू घ्यायचो. तो आवाज मला अजून… असो. पुढचं सांगतो.

एक दिवस दादाच्या मोबाइलवर चलान आलं. वेग अठ्ठ्याहत्तर. सोबत फोटो: हेल्मेटमध्ये मी, मागे स्कार्फ बांधलेली कुणीतरी, आणि आम्हाला चिकटून पुढे निघालेली एक पांढरी गाडी. दादा आधी हसला. 'तू आणि अठ्ठ्याहत्तर? अरे, तुझ्या पुढून म्हशी जातात.' मग फोटोवर बोट ठेवून विचारलं, 'ही कोण?' मी म्हणालो, कंपनीतली आहे, रिक्षा मिळत नव्हती म्हणून सोडलं. हे पहिलं खोटं. लहानसंच. पण पायरी ती.

दुसरा कुणी असता तर गुमान दंड भरून मोकळा झाला असता. पण दादा पडला सिंधी शेठच्या हाताखाली तयार झालेला. कॅम्प तीनच्या बाजारात समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मान्य करणं म्हणजे नाक कापून घेणं. मशीनने सांगितलं म्हणून काय झालं? मशीनशीही घासाघीस करायची. त्याने ऑनलाइन तक्रार टाकली, कारखान्यात खाडा केला, आणि मला घेऊन वाहतूक पोलिसांच्या चौकीत गेला.

तिथले साहेब भले निघाले. फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, 'ही पांढरी गाडी ओव्हरटेक करतेय. रीडिंग तिचं असू शकतं. मागे बसलेल्या बाईंचा जबाब द्या, मी वर पाठवतो. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, ते मला दिसलं नाही असं समजा.' दादा खूश. माझ्याकडे वळून म्हणाला, 'बोलव ना तिला. पाच मिन्टं येऊन जाईल बिचारी.'

मी फोन केला. काय सांगितलं? 'दादा आहे सोबत, चौकीत ये, चलानचं काम आहे.' बस, एवढंच. तिने काय धरलं असेल मनात? कितीतरी महिने ती एकच विचारत होती — घरी कधी सांगणार? आणि आता मी होऊन तिला दादासमोर बोलावत होतो.

ती आली ती स्कार्फ न बांधता. बहिणीच्या लग्नात घातलेला अबोली ड्रेस घालून. दादाला वाकून नमस्कार करायला गेली; दादा गडबडला, 'राहू दे, राहू दे' म्हणाला. साहेबांनी विचारलं, गाडी जोरात होती का?

'नाही साहेब,' ती म्हणाली. 'हा कधीच जोरात चालवत नाही. म्हणजे मी मागे असले की नाहीच. जोरात गेलं की बदलापूर लगेच येतं ना.'

साहेब हसले. चांगलं, मोकळं हसले. दादा हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'काय रं? काय म्हणतेय ती?'

इथपर्यंत मी मनातल्या मनात पुष्कळदा येतो — आणि परत फिरतो. आज फिरत नाही.

'हो' म्हणायचं होतं. दुसरं काय होतं? पण मला आई दिसली. ओट्यावर बसलेली भावकी दिसली. उद्या कोण आमच्याकडे पाणी प्यायचं टाळेल, तेही दिसलं. समोर ती उभी होती, ती मात्र दिसली नाही. मी म्हणालो, 'साहेब, मशीन बरोबर आहे. मी जोरातच होतो. या मॅडमनी लिफ्ट मागितली होती, फारशी ओळख नाही. मला वाचवायला खोटं बोलतायत.'

मॅडम म्हणालो मी तिला. जिच्या मांजरीचं नाव मला माहीत होतं, तिला मॅडम म्हणालो. आणि खोटारडी ठरवलं — पोलिसांसमोर, माझ्या भावासमोर, तिच्या चांगल्या ड्रेसमध्ये.

ती रडली नाही, भांडलीही नाही. साहेबांनी अवघडून विचारलं, 'मग काय लिहू?' ती म्हणाली, 'मी सांगितलं तेच लिहा.' खाली सही केली आणि बाहेर जाऊन रिक्षात बसली. पण चालवणाराच कबूल झाल्यावर तिच्या सहीला कोण विचारतो? चलान कायम झालं. पुढे तिने शिफ्ट बदलून घेतली, मग कंपनीच सोडली. मी तिला शोधायला गेलो नाही. घर माहीत होतं, तरी गेलो नाही.

मला तिची आठवण येते. कधीमधी — नाही, रोज येते. आनंदनगरहून निघालो की पाठीमागे कुणी बोलत नाही, हे रोज नव्याने कळतं. बायको चांगली आहे, तिच्यात काही कमी नाही. ती मागे बसते तेव्हा म्हणते, अहो, जरा पळवा की. मी पळवतो.

गेल्या वर्षी एका साखरपुड्यात दादाने परत ती गोष्ट सांगितली. माणसं हसली, पांगली. आम्ही दोघं मोरीवर हात धूत होतो. तो नळाकडेच बघत म्हणाला, 'त्या दिवशी मी काय रं म्हटलं, ते दरडावलं असं वाटलं का तुला? पोरगी मला आवडलेली. आईला कसं सांगायचं, तेच मनात जुळवत होतो. तू हो म्हणशील वाटलं. मग तू तसं बोललास, म्हटलं खरंच काय नसंल.'

मी टॉवेलला हात पुसले आणि म्हणालो, 'नव्हतंच काही.'

दोनदा नाकारलं मी तिला. एकदा चौकीत, आणि एकदा तिथे — जिथे ऐकायला फक्त माझा सख्खा भाऊ होता, आणि तो माझ्याच बाजूने उभा होता.

तेव्हा आता सांगतो. मशीन चुकलं होतं. गाडी मी चालवत होतो आणि हळू चालवत होतो. प्रज्ञा खरं बोलत होती.