इंदूकाकीचं पान

इंदूकाकी गेल्याचा आईचा फोन आला, तेव्हा मी परळला एका कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत होते. "सकाळी उठलीच नाय गो," आई म्हणाली. मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि लालबागच्या दिशेने चालत सुटले. रडू नंतर आलं. आधी आला तो राग... कारण आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं.

काकी आमच्या चाळीतली. सख्खी कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची काकी. दरवर्षी चाळीच्या सत्यनारायणाला चौकात जेवणाच्या पंगती बसतात, त्या स्वयंपाकाची ती प्रमुख. हाताखाली पाच बायका, त्यांतली एक माझी आई. पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, मग बायकांची आणि सगळ्यांत शेवटी रांधणाऱ्या सहाजणींची. तोवर वडे संपलेले आणि काळ्या वाटाण्यांच्या आमटीत दोनदा पाणी पडलेलं. हा नियम कोणी लिहिला नव्हता, त्यामुळे खोडायचा कुठे, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

काकीने तो खोडला नाही, कुरतडला. एका वर्षी तिने मंडळाच्या वसंतदादांना सांगितलं, साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या बायकांना उपाशी चक्कर येते, तिघींना पहिल्या पंगतीत कोपऱ्यात बसवा. पुढच्या वर्षी एक पोटुशी. मग हॉस्पिटलात ड्युटीला जाणाऱ्या नर्स, मग दहावीच्या मुली. पूजा जवळ आली की वसंतदादाच चिडवायचे, "काय काकी, यंदा कोण आजारी?" मी कॉलेजात गेले तोवर पहिल्या पंगतीत बऱ्याच बायका दिसायला लागल्या होत्या, आणि प्रत्येकीजवळ बसण्याचं काहीतरी कारण होतं. मला त्या कारणांचीच चीड यायची. भूक हे कारण पुरत नाही का?

"एकदाच सांगून टाक ना, सगळ्या बसणार म्हणून," मी म्हणायचे.

"एकदम इचारलंय तर एकदम नाय म्हणतले," ती वाटण वाटता वाटता म्हणायची.

'हळूहळू' हा शब्द मला आजही शिवीसारखा लागतो. हळूहळू म्हणणाऱ्याचं पान बहुतेक वेळा आधीच वाढलेलं असतं. मी पत्रक काढलं, 'पहिली पंगत सगळ्यांची', आणि प्रत्येक दारातून आत सरकवलं. पूजेच्या दिवशी आम्ही अकराजणी काहीही कारण न देता पहिल्या पंगतीत जाऊन बसलो. वसंतदादा ओरडले, "ही काय मोर्चाची जागा आहे?" दोन म्हातारे भरल्या पानावरून उठून गेले. बाकीचे कुरकुरत जेवले. आम्ही जिंकलो! तेव्हापासून बायकांना कोणी कारण विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकीने मला बोलावलं. वाटलं, आता ओरडणार. तिने पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाली, "तुझा बरोबर होता गो. पण तुझ्या पानात भात कोणी वाढलो?"

भात तिनेच वाढला होता आणि आमटी माझ्या आईने. समतेची पंगत मी पाटावर बसून जेवले, आणि त्या सहाजणी नेहमीसारख्याच शेवटी जेवल्या. माझ्या पत्रकात त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. लाज वाटली की मी भांडते. मी उलट विचारलं, "मग तू का नाही बसलीस? एवढ्या जणींसाठी सवलत मागितलीस, एकदा स्वतःसाठी का नाही?"

"माझो नंबर येतलो गो..."

नाही आला. तिची चाल धीमी होती म्हणून नाही आला, आणि माझी घाई तिला ओलांडून पुढे गेली म्हणूनही नाही आला. दुसरं कारण मला पत्रकात लिहिता येत नाही. इथे लिहिते आहे.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी यंदाची पूजा आली. मी पत्रक काढलं नाही. वसंतदादांना जाऊन सांगितलं, "यंदा वाढायला पुरुष हवेत. रांधणाऱ्या पाचही जणी पहिल्या पंगतीत बसतील."

"आमची पोरं आमटी लोकांच्या डोक्यावर ओततील."

"ओतू देत."

दादा म्हणाले, "काकी असती तर म्हणाली असती, यंदा एकीलाच बसव."

"काकी नाहीये, दादा."

पूजेच्या दिवशी त्यांनी कमरेला टॉवेल गुंडाळला आणि भाताचं पातेलं स्वतः उचललं. आमटी सांडली, दोघांना मीठ वाढायचंच राहिलं. पाचजणी ओळीने बसल्या होत्या, परक्या लग्नात आल्यासारख्या अवघडून. मी आईशेजारी होते. तिने पहिला घास तोंडात घातला आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी सवयीने हाक मारली, "भात आणा गो!"

पाचही जणींचे डावे हात एकदम जमिनीवर टेकले, उठण्यासाठी. मी आईचा पदर धरला. "बस गं. ते आणतायत."

आई बसली. पण तो हात तिने जेवण संपेपर्यंत जमिनीवरून उचलला नाही.