मांडवपरतणं होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही

डिसेंबरमधला दुसरा रविवार, सकाळचे दहा. लातूर, आत्याच्या घरातली पुढची खोली. हजर : आत्या, तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, अहमदपूरहून आलेले शूटिंगवाले, आणि मी, नांदेडहून भाड्याचा सिनेमा कॅमेरा मांडीवर सांभाळत आणलेली. गैरहजर : रिकामं मेमरी कार्ड.

काम साधं होतं. मंगळवारी आत्याच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सोमवारी सकाळी दाखल व्हायचं. उभं आयुष्य तिने जलशात, लग्नात, वस्तीतल्या कार्यक्रमांत स्वतः बांधलेली गाणी म्हटली आणि त्यातलं एकही कागदावर उतरवलं नाही. म्हणजे तिचा आवाज धरून ठेवायला एवढा एक रविवार. मी तिला फोनवर विचारून गाण्यांची यादी केली. नऊ निघाली.

मी म्हटलं होतं, चांगला मोबाइल आणि एक माइक पुरे. आतेभाऊ म्हणाला, "अक्का, मोबाइलवर वाढदिवस धरतात." त्याला आईवर माहितीपट करून महोत्सवाला पाठवायचा होता. तर सिनेमा कॅमेरा ठरला आणि तो चालवणारे म्हणून लग्नाच्या शूटिंगमध्ये मुरलेले हे गृहस्थ ठरले. आठवडाभर आधी मी त्यांना बारा मुद्द्यांची यादी पाठवली. सातवा मुद्दा : कार्डं किती आहेत? उत्तर आलं : चौदा. मी बरोबरची खूण करून पुढे गेले. ती कार्डं रिकामी आहेत का, हे विचारायला हवं होतं. कपाटं आहेत का असं विचारायचं आणि त्यात जागा आहे का ते विचारायचं नाही, तसला हा प्रकार. चूक माझी.

आतेभावाने कॅमेरा लावला आणि मेनूतला सगळ्यात वरचा पर्याय निवडला : रॉ. म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसेल ते काहीही न गाळता, न दाबता जसंच्या तसं ठेवायचं. रंग नंतर हवे तसे काढता येतात. फक्त फाइल अशी वाढते की भाड्याच्या कॅमेऱ्याबरोबर आलेलं जाड, वेगवान कार्ड दोन गाण्यांत भरलं. तिसऱ्याच्या धृपदालाच कॅमेरा थांबला.

"दुसरं द्या," आतेभाऊ म्हणाला.

शूटिंगवाल्यांनी कातड्याची पाकीटवजा पिशवी उघडली. चौदा कार्डं, प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि बॉलपेनने लिहिलेलं : साखरपुडा, देवक, हळद, सप्तपदी, जेवणावळ, वरात वगैरे. एका विधीला एक कार्ड, मोठ्या विधीला दोन. तेवढंच वेगवान असं एकच कार्ड त्यात होतं, आणि ते सप्तपदीचं. चांगल्या विधीला चांगलं कार्ड, हे मला पटलं.

"हे पुसून वापरू," मी म्हटलं.

"न्हाई जमणार, मॅडम. लग्न हाय त्यात."

"कॉपी केली नाही का?"

"केली की. दोन हार्डडिस्कवर हाय."

"मग?"

"मग काय. पोरगी मांडवपरतणीला माहेरी येऊन जात न्हाई, तवर कार्ड पुसायचं न्हाई. आमच्याकडचे सगळे शूटिंगवाले पाळतेत."

"अहो, डिस्कवर दोन-दोन प्रती आहेत ना?"

"डिस्क ती डिस्क, मॅडम. लग्न कार्डावर लागलंय."

माझी सव्वीस वर्षांची नोकरी सरकारी कचेरीत झाली आहे. मूळ प्रत आणि नक्कल यांवर वाद घालणारी माणसं मी रोज पाहते, पण एवढ्या शांतपणे कुणी मला गप्प केलेलं आठवत नाही. आतेभाऊ मात्र गप्प बसला नाही. "भाऊ, इथं आमच्या आईचा आवाज जायलाय, आणि तुम्ही मांडवपरतणं सांगायलात?" शूटिंगवाल्यांनी पिशवीची चेन लावली आणि पिशवी मांडीखाली घेतली.

आत्या कोमट पाण्याचा पेला धरून हे सगळं ऐकत होती. बोलून आवाज खर्च करू नकोस, असं मी तिला बजावलं होतं. तरी ती बोललीच.

"कुठली हाय पोरगी?"

"मुखेडची, मावशी. किनवटला दिलीय."

"कधी येती माहेरी?"

"बुधवारी."

"मग राहू द्या, बाबा. माझ्या गाण्यापायी तिच्या संसाराला नख कशाला."

"आई, तू कधीपासनं मानायला लागलीस हे?"

"मी कुठं मानते? ती मानत आसंल ना. तिला न इचारता तिचं लगीन पुसायचं म्हणजे काय?"

संपला विषय. दोन गाणी झाली होती, सात राहिली होती आणि बाईने त्या सातांसाठी राखलेले चार श्वास एका अनोळखी नवरीवर घातले होते. भरलेलं कार्ड लॅपटॉपवर उतरवून रिकामं करायचं, तर लॅपटॉप पाऊण तास दाखवत होता. तोवर आत्याचा घसा धरला असता. मी पिशवी मागून घेतली आणि चष्मा लावून एकेक कार्ड वाचलं. कार्डावर ठळक छापलेला मोठा आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो. लिहिण्याचा वेग, जो आपल्याला हवा असतो, तो कोपऱ्यात बारीक अक्षरात. असं का, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

रिकामी निघाली फक्त दोन, दोन्ही वरातीची. डीजेला परवानगी मिळाली नाही म्हणून त्या लग्नात वरातच निघाली नव्हती. दोन्ही कार्डं साधी, धीमी. त्यांना झेपेल असा पर्याय मेनूच्या तळाशी होता : चित्र लहान, दाबलेलं, फाइल हलकी. मी तो लावायला सांगितला.

"अक्का, ह्यात नंतर रंग काढता येत न्हाईत."

"आवाज येतो ना?"

"आवाज येतो. पण..."

"मला कशाला रे रंग," आत्या म्हणाली. "बसव ते कार्ड आन् गाऊ दे."

तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. मी प्रत्येक गाण्यापुढे वेळ आणि कार्ड लिहीत होते. आठव्यानंतर कार्ड बदललं. तिथे आतेभाऊ कॅमेऱ्यापाशी वाकला, काहीतरी दाबलं आणि मागे येऊन बसला.

नववं गाणं आत्याने विशीत बांधलेलं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना बायकांना म्हणायला म्हणून केलेलं, चार कडव्यांचं. त्या बायकांपैकी आता कुणी नाही. ते पूर्ण येणारी एकटी आत्या. ती डोळे मिटून गात होती, आवाज फाटत होता, आणि आम्ही तिघेही तिच्याकडे बघत होतो. कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं. गाणं संपल्यावर शूटिंगवाल्यांनी पाहिलं, तर लाल दिवा विझलेला. कार्डाला वेग झेपला नव्हता आणि कॅमेरा दुसऱ्या कडव्यानंतर आपणहून थांबला होता.

"तू काय दाबलंस?" मी आतेभावाला विचारलं.

"चित्र एकच पायरी वर नेलं होतं. शेवटचं गाणं म्हणून."

मोबाइलवर तरी आवाज आला असता. पण चारही फोन माझ्या पर्समध्ये बंद पडून होते. यादीतला तिसरा मुद्दा, माझ्याच अक्षरात : सर्वांचे फोन बंद करून जमा करणे.

आत्याला पुन्हा म्हणायला सांगणार होतो. तिने तोंड उघडलं, वारा आला, सूर आला नाही. तिने हाताने 'झालं' अशी खूण केली आणि शूटिंगवाल्यांना जेवून जा म्हणून ताटाकडे बोट दाखवलं. आतेभाऊ भिंतीकडे तोंड करून वायरी गुंडाळत बसला. त्या वायरी त्याने तीनदा गुंडाळल्या.

ऑपरेशन झालं. आत्या घरी आली, आता पाटीवर लिहिते. दर दुसऱ्या रविवारी मी नांदेडहून जाते आणि राहिलेली दोन कडवी लिहून मागते. पहिल्यांदा तिने पाटीवर लिहिलं : गाणं लिहून देत नसतेत. दुसऱ्यांदा : पहिली दोन म्हणून दाखव, मग पुढचं. मी म्हटलं, ती कार्डावर आहेत, लावते. तिने पाटी पुसली आणि लिहिलं : तुझ्या तोंडानं.

मला सूर नाही, हे तिला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. आतेभावाने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती पहिल्या ओळीलाच मान हलवून चहा ठेवायला उठली.

या महिन्याच्या यादीत विजेचं बिल झालं, गॅसची नोंदणी झाली, कॅमेरा परत केल्याची पावती फाइलला लावली. राहिलं एक : नवव्या गाण्याची पहिली दोन कडवी चालीसकट पाठ करणे.